सरावाचा पेशंट

आमच्या चिरंजीवांनी मला पेशंट केलं तेव्हा मी ठणठणीत होतो. एसटीतून नुकताच निवृत्त झालो होतो. देवळालीच्या घरात निवांत पेपर वाचावा म्हटलं, तर हा रोज संध्याकाळी मला खाटेवर आडवं व्हायला लावायचा. त्याची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. नर्सिंग शिकूनही नगरच्या एका दवाखान्यात चार वर्षं तो "पुढच्या महिन्यात कायम करू" एवढंच ऐकत होता. शेवटी कंटाळून त्याने जपानी भाषेचा क्लास लावला. तिकडे म्हाताऱ्यांची देखभाल करायला माणसं हवी होती. परीक्षेच्या सरावाला म्हातारा घरचाच.

मला राग यायचा. धडधाकट माणसाला कुशीवर काय वळवायचं? त्यात नियम असा की, अंगाला हात लावण्याआधी माणसाला सांगायचं, विचारायचं. आधी जपानीत आणि मग माझ्यासाठी मराठीत तो म्हणायचा, "आप्पा, आता तुमाला डाव्या कुशीवर वळवतो. चालंल ना?" मी मुद्दाम नाही म्हणायचो. मग तो बिचारा थांबायचा. एकदा मी त्याला पाऊण तास तिष्ठत ठेवलं.

पहिल्यांदा तो नापास झाला. तोंडाने मी धीर दिला, पण आतून मला बरं वाटलं होतं, हे आज कबूल करतो. दुसऱ्यांदा पास झाला. एजंटाने व्हिसासाठी वर्षभर झुलवलं, आणि एका सकाळी तो गेला.

दिवाळीनंतर मी न्हाणीत घसरलो आणि खुब्याचं हाड मोडलं. आता मला खरंच कुशीवर वळवावं लागतं. त्यासाठी ठेवलेला माणूस मोबाईल कानाला लावूनच येतो आणि पोतं पलटावं तसं मला पलटतो. आधी सांगत जा, म्हटलं, तर म्हणाला, "सांगून काय हुनार हाय, काका? दुखायचं ते दुखनारच." नुसता संताप होतो. तो कोणावर काढावा, तेही कळत नाही.

रविवारी पोराचा ड्युटीवरूनच व्हिडिओ कॉल आला. डोळे खोल गेले होते. सलग ड्युट्या लावतात, म्हणाला. तिथल्या एका आजोबांना माझ्यासारखीच खोड आहे म्हणे. ते मुद्दाम नाही म्हणतात, आणि हा थांबतो. मग त्याने विचारलं, "आप्पा, त्यो मानूस वळवायच्या आधी सांगतो ना तुमाला?"

"सांगतो की," मी म्हणालो. "विचारतो बी."

तेवढ्यात त्याच्याकडे त्या आजोबांची घंटा वाजली आणि फोन ठेवून तो त्यांच्याकडे गेला.