माळाईची खोळ

माळाईची खोळ मी काढली. ती आपसूक पडली नाही. हे वाक्य मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोपुढं नाही, ऑफिसात नाही, आणि जिथं ते उच्चारायला हवं होतं त्या गावात तर नाहीच.

मी जुन्या शिल्पांच्या आणि बांधकामांच्या सर्व्हेचं काम करतो. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे माझ्याकडे. होट्टलची देवळं, कंधारचा किल्ला, खरोशाची लेणी ही नावं लोकांना माहीत असतात. आमचं काम त्यांच्या मधल्या गावांत. तिथं चालुक्यांच्या काळातला खांब गोठ्याला टेकू देऊन उभा असतो आणि नक्षीच्या दगडावर धुणं चालतं. आम्ही जायचं, मोजायचं, फोटो काढायचे, काळ ठरवायचा.

अडचण शेंदराची. तेलात कालवलेला शेंदूर पिढ्यान्‌पिढ्या लावत गेलं की दगडावर जाड कवच चढतं. त्यालाच खोळ म्हणतात. आत गणपती आहे, वीरगळ आहे की नुसता धोंडा, बाहेरून कळत नाही.

आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडमचा नियम साधा होता. फोनवर मी पुन्हा विचारलं तेव्हा त्या वैतागल्या.

"शेंदूर असेल तर हात लावायचा नाही. 'अनिर्णित' लिहा आणि पुढं चला."

"मॅडम, निलंग्याकडं अर्ध्या मूर्ती अनिर्णितच निघून राहिल्यात."

"मग अर्धा रिपोर्ट अनिर्णित जाऊ द्या. तुम्हाला कुणी फासावर देतंय का?"

'अनिर्णित' हा शब्द मला लागायचा. इतकी वर्षं काम करून आपल्या नावावर काय, तर अनिर्णित.

माळाईचं देऊळ निलंग्याच्या पुढं, एका गावाबाहेरच्या माळावर. लहानसं, दगडी, ठेंगण्या दाराचं. आत गळ्याएवढी उंच शेंदरी देवी. नाक नाही, तोंड नाही, फक्त चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. पूजा शेवंताबाई गुरव करायच्या. नवरा गेल्यावर त्याच्याकडची देवीची पूजा त्यांनी चालवली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे, जीभ मात्र तेज.

"फोटू काढा की, पण चांगला काढा," त्या म्हणाल्या. "मागं एकानं काढला, आई माझी पार सुजल्यावानी दिसत व्हती."

मी हसलो आणि खोळीवर बोटानं टिचकी मारली. आवाज पोकळ आला. खोळ दगडापासून सुटत आली होती. खालच्या कडेला नख जाईल एवढी फट होती आणि फटीत कोरीव कड दिसत होती.

शेवंताबाईंनी माझं बोट पाहिलं. "साहेब, नख लावू नका. सोडायची तवा आईच सोडती."

"याआधी सोडली होती?"

"भूकंपाच्या आधी, टवकाच तेवढा. सासूनं बघितलं व्हतं माझ्या." त्यांनी पदर सावरला. "तवापासून गाव भितंय. खोळ पडली की कायतरी इपरीत हाय."

तो भाग किल्लारीच्या टापूतला. भूकंपाला कित्येक वर्षं झाली, पण अधूनमधून जमिनीखालून गडगड येते. तज्ज्ञ येतात, यंत्रं लावतात, घाबरू नका म्हणतात आणि जीपमध्ये बसून जातात. आवाज आला की गाव अंगणात बाजा टाकतं.

शेवंताबाई माझ्यासाठी चहा आणायला घरी गेल्या. भर दुपार होती. माळावर चिटपाखरू नव्हतं.

माझ्याजवळ बांबूची एक पातळ पट्टी असते, दगडावरचं शेवाळ काढायची. ती मी फटीत घातली. फक्त कड दिसावी, एवढाच विचार होता. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खरं म्हणजे मी पट्टीवर जोर दिला.

त्याच वेळी खालून आवाज आला. फरशीखालून कुणीतरी रिकामी ट्रॉली ओढत नेतंय असा. समईची वात आडवी झाली. घंटेचा लोलक हलला, पण घंटा वाजली नाही.

आणि खोळ पुढं कलंडली. अख्खीच्या अख्खी. मी मागं सरलो आणि ती तोंडावर पडली. एक चांदीचा डोळा निखळून घरंगळत माझ्या अनवाणी पायाशी येऊन थांबला.

खोळीची आतली बाजू वर होती. तिच्यात एका हाताची पोकळी होती. कोपरात वाकलेला, पंजा उभा, मनगटात बांगड्या. मी हात लावला तर आतला शेंदूर कोमट आणि ओलसर होता. सवयीनं मी फोटो काढला. मग पट्टी पुसून खिशात ठेवली.

आवाजानं गाव घराबाहेर आलंच होतं. शेवंताबाई पळत आल्या, दारातच थबकल्या आणि किंचाळल्या, "आईनं खोळ सोडली!" बघता बघता देवळापुढं माणसं जमली. गावातले वडीलधारे आप्पा पुढं आले. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "साहेब, तुमी हितंच व्हता. आपसूक पडली न्हवं?"

मी मान हलवली. होकारार्थी.

"आन् आत ह्ये काय निघालं? आईला तोंड कसं न्हाई?"

आता मला बोलायला माझ्या ओळखीचा विषय मिळाला. मी सांगितलं, ही सतीशिळा आहे. नवऱ्यामागं जी बाई सती गेली, तिच्या नावानं असा दगड उभा करायचे. हात तिचा. बांगड्या कोरल्या, कारण ती सौभाग्यानिशी गेली. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर तिचं नाव राहील. चांगलं आठशे वर्षांपूर्वीचं काम असावं. मी छान बोललो. लोक टक लावून ऐकत होते.

गर्दीतून एका बाईचा आवाज आला. "म्हंजी आई सवाशीण गेलेली."

"हाव," मी म्हणालो.

"मंग तिला हिचा हात कसा चालंल? म्हनूनच टाकली खोळ."

सगळ्यांनी शेवंताबाईंच्या मनगटांकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी एकटाच आत होतो, मी काहीतरी बोलेन, असं त्यांना वाटत असणार. पट्टी माझ्या मांडीला टोचत होती.

खोळ वाजतगाजत तेरणा नदीत सोडली. पूजा शेवंताबाईंच्या पुतण्याच्या बायकोकडं गेली. शेवंताबाई लेकीकडं अहमदपूरला गेल्या. आणि जमिनीतले आवाज थांबले. बरेच महिने गाव घरात झोपलं. आता मी काही सांगितलं असतं, तरी कुणी ऐकलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढं आवाज पुन्हा सुरू झाले. तरी मी गेलो नाही.

माझ्या रिपोर्टात 'अनिर्णित' खोडून 'सतीशिळा' झालं. नांदेडला प्रेझेंटेशन ठेवलं. खोळीच्या आतल्या बाजूचा फोटो पडद्यावर आला आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, हात बाहेर येतोय."

"ती पोकळी आहे. उजेड खालून पडलाय, म्हणून उठाव वाटतो. स्लाइड उलटी करा, आत जाईल."

स्लाइड उलटी केली. सगळे 'अरे हो' म्हणून हसले. मॅडमनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. मला मात्र तो हात उलटा करूनही बाहेरच येताना दिसत होता. अजून तसाच दिसतो. फोटो मी डिलीट केलेला नाही.

मागच्या वर्षी अहमदपूरच्या स्टँडवर शेवंताबाई भेटल्या. मी ओळखलं नाही, त्यांनीच हाक मारली. थकल्या होत्या. लेकीच्या घरी बरं चाललंय म्हणाल्या. आईला आता कोण कसा शेंदूर लावतं, ते विचारलं. मग एकदम म्हणाल्या, "साहेब, तुमी तितं व्हता. माज्या हातून काय चुकलं व्हतं का?"

"नाही, मावशी."

"मंग?"

निलंग्याची गाडी लागली होती. माझी नव्हती, तरी मी उठलो आणि तिच्यात चढलो. पुढच्या थांब्यावर उतरून उन्हात उभा राहिलो.

आमच्या कामात नव्या पोरांना मी एकच गोष्ट शिकवतो: न कळलेलं न कळलेलं म्हणून लिहायला लाजू नका. ती का शिकवतो, ते त्यांना सांगत नाही.

शेवंताबाई अजून आहेत. देऊळ आहे, आप्पा आहेत. शेवंताबाईंच्या त्या 'मंग'चं उत्तर माझ्याकडं राहिलंय, आणि ते मला त्यांना एकटीला नाही, माळाईच्या दारात, साऱ्या गावासमोर द्यायचं आहे.