परक्या हाताचं कापड

अड्याळकडून आमच्या गावात शिरलात तर आता सगळं धानच दिसेल. आमची गल्ली मात्र सुताची होती. घरोघरी जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून माग चालवणारा माणूस, आणि बाहेर गल्लीभर ताणलेलं सूत. सूत तुटू नये म्हणून त्याला भाताची पेज लावायची. ती वाळेपर्यंत बैलबंडी थांबायची, नवरदेवसुद्धा थांबायचा. आता सिमेंटचा रस्ता झाला, कोणी कोणासाठी थांबत नाही. बरंच झालं म्हणा. पेज शिजवून शिजवून जीव विटला होता.

मी धान पिकवणाऱ्या घरची. लग्न होऊन आले त्याच दिवशी सासरे, म्हणजे आमचे मामाजी, म्हणाले, "परक्या घरची हाये. मागावर बसू देऊ नका, सूत बिघडवन." झालं! माग दुसऱ्यानं चालवायचा, आणि त्यात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातल्या कांड्यांवर जन्मभर मी सूत भरत बसले. राग यायचा. अजून येतो.

पुढे एकेक माग बंद पडला. कोणी जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला लागलं, कोणी नागपूरला गेलं. मामाजींचा तेवढा राहिला.

गल्लीत एक रीत होती. विणकरानं स्वतःचं कफन स्वतः विणायचं नाही, घरच्यांनीही नाही, ते शेजाऱ्यानं विणून द्यायचं. मामाजींनी साऱ्या गल्लीला दिलं. या उन्हाळ्यात विणकाम येणारा शेवटचा शेजारी वारला. त्याला पोचवून आले आणि ओट्यावर बसले ते उठेचनात.

"आता माहं कोन विनन?" म्हणाले.

"बाजारात भेटते ना, बाबा," आमचे हे म्हणाले.

त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं जेवण सुटलं. दोन घास खायचे, ताट सरकवायचे. घरातलं करा, वर मामाजींची मनधरणी करा. मी पार थकून गेले. एका दुपारी डोकंच फिरलं.

"मी बसते मागावर. मी विनून देते."

"घरच्यानं चालत नाही वो."

"मी कुठची घरची? परकी ना मी? तुमीच म्हनलं होतं!"

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, "पेज पातळ कर."

रस्त्यावर मोटारसायकली, म्हणून सूत परसात ताणलं. या वयात खड्ड्यात उतरायचं म्हणजे गुडघे बोंबलतात. मामाजी खाटेवरून ओरडायचे, "अवो, पाय पाहा! काठ वाकडा जाऊन राहिला!" पण ओरडून झालं की पोटभर जेवायचे.

काल खड्ड्याजवळ येऊन बसले. विणलेल्या कापडावरून हात फिरवत राहिले. काठ वाकडाच होता. त्याबद्दल काही बोलले नाहीत.

"तू कायची परकी वो," म्हणाले.

माझा हात थांबला. उभा जन्म ऐकायचं होतं ते हेच, आणि म्हाताऱ्याला सुचलं कधी, तर आत्ता! डोळ्यांतून पाणी आलं, रागही आला.

"मामाजी, चूप बसा," मी म्हणाले. "अर्धं कापड बाकी हाये. तोवर परकीच राहू द्या मले."