महानंदा सिस्टर कन्नडमध्ये मोजत

आईवडिलांनंतर मी ज्या माणसामुळे घडलो, त्या महानंदा सिस्टर. सोलापुरातल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या इनचार्ज होत्या. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मुलीचा, सुवर्णाचा फोन आला, "आई गेली दादा, सकाळी." मी ऑफिसात होतो. बरं म्हणालो, फोन ठेवला आणि अर्धी राहिलेली ओळ टाइप करायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्याला सांगितलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. रडू तेव्हा आलं नाही... अजूनही आलेलं नाही.

मी मंद्रूपच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली आणि पहिलंच काम सिस्टरांच्या विभागात मिळालं. पहिल्या दिवशी मी हात जोडून दारातच उभा राहिलो, तर म्हणाल्या, "आत ये की इंजिनिअर. देवळात आलायस का?" आठ खाटांचे नवे मॉनिटर एकाच संगणकाला जोडायचे होते. त्यावर दोन कामं चालणार होती. रुग्णाचा प्राणवायू घसरला की अलार्म वाजवायचा, आणि घरी जाणाऱ्यांचे रिपोर्ट छापायचे. दुसरं काम चुकलं तर नातेवाईक तासभर खोळंबतात. पहिलं चुकलं तर माणूस जातो. म्हणून अलार्मसाठी संगणकाचा ठरलेला वेळ राखून ठेवायचा, दुसऱ्या कामाने त्याला हात लावायचा नाही, असा नियम. पण अलार्म बहुतेक वेळ गप्पच असतो. राखलेला वेळ फुकट जातोय असं मला वाटलं आणि तो मी रिपोर्टला वापरू दिला. रिपोर्ट झटपट निघायला लागले. रुग्णालय खूश, कंपनी खूश... मीही.

सिस्टरांचा एक नेम होता. ड्यूटीवर आल्या की मॉनिटरची प्राणवायू मोजणारी क्लिप स्वतःच्या बोटाला लावायची, ओढून काढायची आणि अलार्म वाजेपर्यंत मोजायचं. ओंदु, एरडु, मूरु... घरची भाषा कन्नड, त्यामुळे मोजणंही कन्नडमध्ये. नव्या यंत्रणेची चाचणी चालू होती तोवर स्वतःचा अलार्म असलेले जुने मॉनिटरही खाटांशेजारी होते, म्हणून कुणाला इजा झाली नाही. एरवी त्यांचं मोजणं चारावर थांबे. एका सकाळी रिपोर्ट छापले जात असताना ते बारापर्यंत गेलं. त्यांनी तीनदा करून बघितलं आणि यंत्रणा ठीक असल्याच्या कागदावर सही करायला नकार दिला.

मोठे डॉक्टर हसले. म्हणाले, संगणक आला की जुन्या माणसांचं मोजणं चुकायला लागतं. "मला मशीन कळत नाही सर," सिस्टर म्हणाल्या, "मोजता येतं." आणि वळून माझ्याकडे पाहिलं. नोकरीत कायम व्हायला मला दोन महिने राहिले होते. मी मान खाली घालून केबल तपासायला लागलो. दोनच दिवसांत त्यांना ओपीडीत बसवलं, सही दुसऱ्या सिस्टरांनी केली आणि येत्या सोमवारी जुने मॉनिटर काढायचं ठरलं. ओपीडीसमोरून जाताना त्यांनी हाक मारली. वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं, "जेवलास का रे?" व्हय म्हणालो. जेवलो नव्हतो.

शनिवारी दुपारी मी पत्र लिहिलं. जुने मॉनिटर जागेवर राहिले, सिस्टर आपल्या विभागात परतल्या. कंपनीने मला त्या कामावरून बाजूला केलं. नोकरीवरून काढलं नाही, एवढंच. सुधारलेली यंत्रणा आली तेव्हा रिपोर्ट सावकाश निघत होते. सिस्टरांनी छपाई चालू ठेवायला लावून आठही खाटांवर मोजलं, मग सही केली. आज मी दुसऱ्यांची अशीच कामं तपासतो. राखलेला वेळ कुणी वापरायला घेतलेला दिसला की कागद परत पाठवतो. पत्राविषयी सिस्टर एकदाच बोलल्या, तेही चहा पिता पिता... "अक्षर चांगलं हाय की तुझं."

गेल्या आठवड्यात सुवर्णाने त्या पत्राचा फोटो पाठवला. कपाटात, नर्सिंगच्या प्रमाणपत्राखाली होतं म्हणे. दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तसं मी ते वाचलं. जसंच्या तसं देतो.

"आदरणीय महानंदा सिस्टर, सा. न.

तुमचं मोजणं बरोबर आहे. अलार्मचा वेळ मी रिपोर्टला दिला होता, म्हणून छपाई चालू असली की अलार्म उशिरा वाजतो. चूक मशीनची नाही, माझी आहे. सोमवारी जुने मॉनिटर काढू नयेत, असं लिहून मोठ्या डॉक्टरांकडे दिलं आहे. एक प्रत कंपनीला पाठवली आहे. तुमच्यासमोर यायचा धीर झाला नाही, म्हणून हे ओपीडीच्या खिडकीत ठेवून जातो.

एक सांगायचं राहिलं. हे मला आज कळलेलं नाही. डॉक्टर हसले आणि तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत, तेव्हाच मला माहीत होतं.

आपला,
बसवराज"