वरचा मजला आणि बाबाचा श्री

आमच्या बालाघाटच्या घरावर मजला चढवायचं बाबाच्या डोक्यात शिरलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. भावाचं लग्न ठरलं होतं, नव्या सुनेले वर खोली पाह्यजे. विटाही येऊन पडल्या. अन् ज्या खांबांवर हा मजला चढणार, त्याच खांबांच्या मधात, खाली, आई-बाबा झोपतात.

मी इंजिनिअर आहो, घरांचे नकाशेच काढते. खांबांचं माप घेतलं, कागदावर हिशोब केला अन् सांगितलं, "बाबा, हे खांब वरचं ओझं पेलत नाहीत." तर म्हणाले, "हातचा हिशोब चुकू शकते. कॉम्प्युटर सांगन तं मानीन." मले इंजिनिअर करणारा हाच माणूस.

बरं, कॉम्प्युटर तं कॉम्प्युटर. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर माझ्याजवळ होतंच. त्याले जोडून इमारतीचा भार तपासणारं दुसरं टाकाले बसले. पट्टी सरकत सरकत शेवटापर्यंत जाये अन् एरर. पुन्हा टाकलं, पुन्हा एरर. अँटिव्हायरस बंद केला, मोबाइलचं नेट लावून पाह्यलं. हेल्पलाइनवाल्याचं एकच पालुपद, "मैडम, रीस्टार्ट करके देखिए." रीस्टार्ट करून करून जीव विटला. तिकडे मिस्त्री फोन करून विचारे, सोमवारी येऊ का, अन् बाबा हौ म्हणत.

शेवटी एररच्या लांबलचक ओळीत मले माझंच नाव दिसलं, मराठीत, अन् त्याच्या आधी श्री.

लॅपटॉप नवा आला तेव्हा पूजा करून बाबानंच सुरू केला होता. वीजबिलाच्या पाठीमागं बेरीज करतील तरी वर श्री लिहिणारा माणूस. लॅपटॉपनं नाव विचारलं, यांनी श्री लिहून नाव टाकलं. त्याच नावाचा फोल्डर बनला, नवं काही टाकलं की त्यातूनच जाये, अन् या दीडशहाण्या सॉफ्टवेअरले मराठी अक्षर दिसलं की गचके येतात.

इंग्रजी नावाचं नवं खातं उघडलं. सॉफ्टवेअर मुकाट बसलं. त्यात आमचं घर चढवलं, वर मजला टाकला, चालवलं. समोरचे खांब लालभडक, म्हणजे ओझं पेलत नाहीत. बाबाले बोलावलं.

चष्मा लावून त्यांनी पाह्यलं. "श्री काढला नं तू? मग लालच येईन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रिंट काढली, पेनानं वर मोठा श्री लिहिला अन् हातात ठेवली. "घ्या. झाले का खांब हिरवे?"

बाबानं कागद वरपासून खालपर्यंत पाह्यला. मग छताकडे पाह्यलं, अन् मग खाली, पलंगावर तांदूळ निवडत बसलेल्या आईकडे. मिस्त्रीले फोन लावला. "येऊ नको बा. कॉम्प्युटर नाही म्हणते."

"अन् मी इतके दिवस काय म्हणत होती?" मी विचारलं.

"हौ, तू बी तेच म्हणत होती," बाबा म्हणाले. "पण तुह्या कागदावर श्री कुठं होता?"