नकली म्हटलेला नेवीचा कोट

हे लिहिणारच नव्हते मी. दोनदा टाईप केलं अन् पुसून टाकलं, कारण बोटातून नुसत्या शिव्याच बाहेर पडत होत्या. मग वैजनाथकाकाच म्हणाले, "लिही. माह्या नावासकट लिही. काई लपवू नको." म्हणून हे.

वैजनाथ चोपडे बुलढाण्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, आमच्या शेजारी राहतात. तरुणपणी नेवीत होते, पण तोफेवर-बिफेवर नाही, स्टोअरमध्ये. आलेल्या पोरांना वर्दी काढून द्यायची, हेच काम. नोकरी संपवून घरी आले, तर गल्लीतले लोक सुरूच, "काय चोपडेसायेब, जहाज कुठं लावलं? येळगावच्या धरणात काय?" काका हसायचे. मनातून मात्र चिडायचे. एवढी वर्षं समुद्रावर काढली, अन् इथं त्याची किंमत एका जोकएवढी!

मग जुन्या वर्द्या जमवणाऱ्या हौशी लोकांनी त्यांना शोधून काढलं. पुण्याहून, नागपूरहून मोबाईलवर फोटो यायला लागले. काका, हा कोट कधीचा? बटणावर मुकुट असला तर इंग्रजांच्या वेळचा, तीन सिंह असले तर प्रजासत्ताक झाल्यानंतरचा. कापड नुसतं सुती की त्यात टेरिलीन मिसळलेलं. काका चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा करून बघायचे अन् सांगायचे. लोक म्हणायचे, काका, तुम्ही म्हणाल ते फायनल. हे 'फायनल' काकांच्या डोक्यात गेलं. सरळ सांगते, डोक्यात गेलं.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याचा गंधार नावाचा एक संग्राहक आमच्याच जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीला गेला. तिथं अन्नपूर्णाबाई राहतात, ऐंशीच्या आसपासच्या. त्यांचे मालक रंगराव नेवीत इंजिनावर होते, खलाशापासून चढत चीफच्या हुद्द्याला पोचून परत आले. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचा पांढरा गळाबंद कोट बाईंनी जपून ठेवलेला. गंधारला तो प्रदर्शनात लावायला पाहिजे होता. बाई म्हणाल्या, "घेऊन जाय. पैसा नको मले. फक्त त्याच्याखाली ह्यायचं नाव लिहिजो. मोठ्या अक्षरात."

गंधारनं बॅगेतून नोटा तपासायचा जांभळा लाईट काढला. कोटावर मारला. कोट निळाशार चमकला! नवीन कापडात गिरणीतच पांढरं दिसायचं औषध घालतात, ते या लाईटखाली चमकतं. जुनं सुती कापड चमकत नाही. गंधारनं तिथूनच काकांना व्हिडिओ पाठवला अन् फोन लावला.

काका तेव्हा पोहे खात होते. व्हिडिओ धड शेवटपर्यंतही बघितला नाही. घास तोंडात ठेवूनच म्हणाले, "अरे हे तं नवं कापड हाये. नकली! कोणत्या तरी नाटकातला असंन."

तिकडे गंधारचा फोन स्पीकरवर होता. बाईंच्या अंगणात अर्धी आळी जमलेली.

झालं. गंधार गाडीत बसून गेला. अन् गावात सुरू झालं. रंगराव कशाचा नेवीत, मुंबईले हॉटेलात चहा देत असंन. कोणी म्हणे, बँडवाला होता, त्यायचाबी कोट असाच राह्यते. ज्या माणसाच्या पाया पडायचे, त्याच्यावर पारावर बसून हसायला लागले! लाज नाही वाटत का लोकांना?

चार दिवसांनी अन्नपूर्णाबाई कापडी पिशवी घेऊन एकट्या बसनं बुलढाण्याला आल्या. विचारत विचारत काकांच्या दारात.

"तूच काय रे तो, नकली म्हणणारा?"

"बसा ना बाई, पाणी..."

"पाणी राहू दे तुह्याजवळ! हात लावला होता तू कोटाले? डोयानं पाह्यला होता? मंग काऊन बोलला?"

काकांनी कोट हातात घेतला. अन् त्यांचा चेहराच उतरला. नुसतं सुती, जाड, वजनदार कापड. बटणं शिवलेली नव्हतीच. धुताना काढता यावीत म्हणून भोकातून ओवून मागून कडीनं अडकवलेली, अन् प्रत्येक भोकाला हातानं घातलेला टाका. असे कोट काकांनी स्वतः शेकड्यांनी मोजून दिले होते.

"हा धुता कधी तुम्ही?"

"दरसाली. पितरपाटात, ह्यायच्या तिथीले. धुते, नीळ देते, इस्त्री करते, खुर्चीवर ठेवते अन् पुढं ताट वाढते. उलीसा मळका कोट ठेवू काय त्यायच्यासाठी?"

"कशानं धुता?"

"तुह्या बापाच्या पावडरनं! दुकानातून आणते तेच्यानं, अजून कशानं?"

काका उठले. शेजारच्या किराणा दुकानातून नोटांचा लाईट मागून आणला, दार लोटलं अन् स्वतःच्या अंगातल्या बनियनवर मारला. बनियन निळं चमकलं. बाईंच्या लुगड्याचा पांढरा काठ चमकला. कोटासारखाच. पावडरमध्येही तेच औषध असतं! बाईंनी इतकी वर्षं मायेनं धुतलं, म्हणून कोट नकली ठरला.

"चूक माही हाये, बाई. कोट अस्सल हाये. सत्तर-पंच्याहत्तरच्या टायमाचा. थांबा, आत्ता त्या पोट्ट्याले फोन लावतो..."

"फोन नको लावू," बाई म्हणाल्या. "लोकायनं जिथं आयकलं, तिथं येऊन बोल."

काका गेले. दुसऱ्याच दिवशी. पारावर उभे राहून सांगितलं, मी न पाहता बोललो, रंगराव चीफ होते, हा कोट त्यांचाच. हसणाऱ्यांपैकी निम्मे तिथं नव्हतेच. उरलेल्यांतला एक म्हणाला, "आता बुढीनं बोलावलं म्हणून आला असंन बे हा." काका भयंकर चिडले. पण कोणावर रागावणार? बोलले तर तेच होते ना.

काकांनी गंधारलाही खरं काय ते कळवलं, मग त्याचा बाईंना फोन आला, कोट द्या म्हणून. बाईंनी नाही म्हटलं. बरं केलं!

पण गावात अजून हसतात. दिवाळीनंतर बाई लेकीकडे संग्रामपूरला जाणार, कायमच्या. लोकांनी नवऱ्याला खोटं पाडलं म्हणून ही बाई घर सोडणार! म्हणून सांगते, वडनेरला जा. दिवाळीच्या आधी जा. स्टँडवर उतरलं की हळू विचारू नका, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "नेवीवाल्या रंगरावायचं घर कोणतं?" जे हसले त्यांनाच रस्ता दाखवायला लावा. अन् अन्नपूर्णाबाईंना भेटा.