वाण्याच्या तांदळातला खडा

माझा वरचा पुढचा दात लाडवाने तुटला, पण लाडवाला मी दोष देत नाही.

मेहुणा मालवणहून जत्रेतले खडखडे लाडू घेऊन चारकोपला आला होता. "भावजीनू, फोडून खावा हां," तो म्हणाला. हा माझं वय काढतोय, असा मला संशय आला. मी अख्ख्या लाडवाचा कचकन चावा घेतला. लाडू शाबूत राहिला!

आणि शनिवारी लेकीचा साखरपुडा.

आमच्या सेक्टरमधली डेंटिस्ट फारच तरुण निघाली. (एवढ्या वयात हिने दात पाहिले तरी किती असणार?) दात हिरडीच्या आतपर्यंत तुटलाय, पण हिरडी जराशी उचलून हाच तुकडा परत चिकटवता येईल, म्हणाली. नाहीतर उरलेलं मूळ तारेने हळूहळू खाली ओढून त्यावर कॅप, म्हणजे काही महिने. तेही नाही जमलं तर मूळ काढून स्क्रूवरचा दात.

"काका, तुकडा दुधात ठेवा आणि उद्याच या. सुकू देऊ नका."

दात दुधात? उद्या म्हणेल, वर केशर घाला! दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं ठरवलं. बायकोला, नीलाला, काही बोललो नाही; ती कायम डॉक्टरच्या बाजूने. तुकडा मात्र वाटीभर दुधात टाकला आणि वाटी फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे लपवली.

दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या डॉक्टरने शब्दन् शब्द तेच सांगितलं. झालं, ही दोघं एकमेकांना सामील! पण शनिवार डोक्यावर होता. घरून वाटी उचलून मुकाट्याने चारकोपच्या पोरीकडे जायचं, असं रिक्षात ठरवलं.

घरी नीलाने मऊ म्हणून दहीभात कालवला होता. म्हटलं, चार घास खाऊनच निघू. तिसऱ्या घासाला खडा! बेसिनमध्ये थुंकलो, नळ सोडला आणि वाण्याला फोन लावून भेसळीबद्दल यथेच्छ झापला.

नीला शांतपणे म्हणाली, "अहो, तांदूळ मी स्वतः निवडलाय. दही आंबट होतं, म्हणून वाटीभर दूध तेवढं घातलं."

"कुठली वाटी?"

"कोथिंबिरीच्या मागची. लपवून कशाला ठेवली होतीत?"

आता तार लावलीय. वाण्याने बिचाऱ्याने तांदूळ बदलून दिला. त्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही. साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत माझं तोंड घट्ट मिटलेलं आहे, आणि व्याह्यांना वाटतं, मला स्थळच पसंत नाही.

काही माणसांचा स्वभावच संशयी असतो!