आबांची नक्कल

भूत, करणी, संकेत वगैरे मानणाऱ्यांची मी कायम टिंगल केली आहे. माझ्या टिंगलीवर कुणी हसलं नाही तर मला जेवण जात नाही — तो वेगळा आजार. तेव्हा हे वाचून कुणी मला हसलं तरी हरकत नाही, पाळी माझीच आहे.

लोणावळ्यातल्या एका कॅथलिक विद्यापीठात मी समाजकार्य शिकत होतो. फील्डवर्कला गाव मिळालं कुरवंडे आणि केस मिळाली आबांची. बायको गेलेली, मुलगा चाकणला कंपनीत, घरात एकटे. चक्कर यायची. त्यांना दवाखान्यासाठी राजी करणं हे माझं काम. मी घसा कोरडा करायचो, आबा तंबाखू मळत ऐकायचे आणि म्हणायचे, "सायेब, तुजंच त्वांड सुकलंय. च्या घे."

आमच्याकडे रोल-प्लेचा तास असतो. एकानं केस व्हायचं, दुसऱ्यानं समाजसेवक. त्या दुपारी मी आबा झालो. खांद्यावर नॅपकिन, एक डोळा बारीक, खोकला थेट आबांचा... वर्ग लोळत होता. समोर बसलेल्या रेश्मानं हसू दाबत विचारलं, "आबा, दवाखान्यात कधी जायचं?"

मला म्हणायचं होतं, "च्या घे." तोंडातून आलं —

"उटता येत न्हाई गं. मागल्या खाचरात... बांधाखाली. पाय हालंना. कुनी हाय का तितं?"

वर्ग आणखीच हसला. हे मी ठरवलेलं नव्हतं, आबांच्या घरामागे मी कधी गेलोही नव्हतो. पण जमलं होतं झकास! टाळ्या पडल्या. मी चक्क वाकून मुजरा केला.

तास घेणाऱ्या सिस्टर, करड्या साडीतल्या, तेवढ्या हसल्या नाहीत.

"आबांना फोन लाव."

"अहो सिस्टर, ॲक्टिंग होती..."

"लाव."

आबांनी उचलला नाही. शेजारच्या मावशींना लावला. त्या बोलत बोलत मागे गेल्या आणि किंचाळल्या, "आरं, हितं पडल्यात! बांधाखाली!"

आबा दवाखान्यात पोचले ते असे.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. सवयीनं म्हणालो, "काय आबा, घाबरवलंत की!"

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. बोलणं जड झालं होतं.

"लय वरडलो रं. तुमी समदी बाकावर बसून हसत व्हता. करड्या साडीतली एक बाई तेवढी न्हाई. तू तर मुजरा बी केलास... मंग म्हनलं, आता कोन येतंय."

"ग्लानीत बडबडतायत," मुलगा म्हणाला.

त्याच आठवड्यात आबा गेले.

त्यांना वर्गातलं कुणी सांगितलं का, हे माझं एकेकाला विचारून झालंय. कुणीच नाही. सिस्टरना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "मला काही कळलं नाही. माणूस मदत मागत होता."

मित्र जमले की अजून कुणीतरी म्हणतं, "ए, आबा कर ना." मी नॅपकिन टाकतो, डोळा बारीक करतो, खोकून बघतो.

खोकला माझाच निघतो.